ऐच्छिक म्हणजे काय गा?

माय, तू ते पाकीट पोस्टात टाकलंच नाहीस. परवा दुपारी तुझ्या पत्र्याच्या पेटीत सापडलं. तुझी नात बाहेरच्या एका विद्यापीठाचा फॉर्म भरून राहिली, तिच्या जातीच्या दाखल्याला माझ्या बाबाची शाळेची टी.सी. लागते, म्हणून पेटी उघडली. सगळ्यात खाली, तुझ्या हिरव्या लुगड्याच्या घडीत तपकिरी पाकीट, आणि वर माझ्याच अक्षरात त्या कला महाविद्यालयाचा पत्ता. मी तिथंच फरशीवर बसलो. बायको धावत आली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, "माह्या मायनं मले फसवलं." तुला जाऊन अठरा वर्षं झाली, मी पन्नाशीला टेकलो, आणि हे आता कळावं? कमाल केलीस तू.

तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. कामठीचं घर, माझं बारावीचं वर्ष. कॉलेजचा फॉर्म आधीच गेला होता. त्यात अगदी शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती, की इच्छा असल्यास अर्जदाराने आपल्या कामाचे नमुने वेगळ्या पाकिटातून पाठवावेत, ऐच्छिक. ड्रॉइंगच्या सरांनी त्या ओळीवर टिचकी मारली होती. "बाकीचा फॉर्म सगळ्यायचा सारखाच राहते. तू कोन हायेस, ते याच्यातूनच दिसन." मी बारा चित्रं निवडली, बाराही तुझी. तू ओसरीत चरख्यावर हातमागाच्या सुताच्या कांड्या भरतेस, लुगडं गुडघ्यावर, चष्म्याची एक काडी तुटली म्हणून तिथं दोरा. तुझे भेगाळलेले तळपाय. एका चित्रात तू सुताच्या गठ्ठ्यावर मान टाकून झोपलीस, तोंड उघडं. ते माझं सगळ्यात आवडतं होतं.

दुसऱ्या दिवशी माझा पेपर, आणि तू नागपूरला मावशीकडे निघालेली. मी पाकीट तुझ्या पिशवीत ठेवलं. तू विचारलंस, "याच्यात काय हाये गा?"

"चित्र हायेत."

"कोनाचे?"

"तुह्येच, माय."

तू पिशवी खाली ठेवलीस. "अन् हे पाठवाच लागते काय?"

"ऐच्छिक हाये."

"ऐच्छिक म्हणजे काय गा?"

माझं डोकं पुस्तकात. मी म्हटलं, "म्हणजे नाही पाठवलं तरी चालते. पन तू जाता जाता इथल्याच पोस्टात टाक वं. आठवनीनं टाक." संध्याकाळी तू परत आलीस, मी विचारलं, टाकलं का. तू म्हणालीस, हाव. पावती? "पदराले बांधली होती बाप्पा, शेअर ऑटोत पडली वाटते." इतकं सरळ तोंड करून म्हणालीस की मी पुढं विचारलंही नाही.

मग तिकडून पत्र आलं, की नमुने मिळाले नाहीत आणि नुसत्या अर्जावरून तुमची निवड होऊ शकली नाही. मी तडक पोस्टमनशी भांडायला गेलो. तो बिचारा उन्हाळाभर आपल्या दारात पाणी प्यायचा. आणि माझ्यामागं तू आलीस! पदर खोचून त्याला म्हणालीस, "माह्या लेकराचं नुसकान केलं तुमी!" तो हात जोडून उभा होता, माय. त्यानंतर तो आपल्या दारात पाण्याला थांबला नाही. तरी तू गप्प राहिलीस. मी दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो, आता फ्लेक्सचं दुकान आहे. वर्षानुवर्षं येईल-जाईल त्याला मी पोस्टानं माझं आयुष्य कसं घालवलं ते सांगायचो, आणि तू बाजूला बसून मान हलवायचीस, "पोस्टवाल्यायचं काही खरं नाही." वर मला आणखी एक भाकर वाढायचीस. कॉलेज गेलं त्याचं मी केव्हाच गिळलंय. ही भाकर गिळवत नाही.

पाकीट बांधताना मी सुतळीला साधी गाठ मारली होती. आता तिथं तुझी गाठ आहे, तुटलेला धागा जोडताना मारायचीस ती, चपटी, बोटाला लागत नाही अशी. म्हणजे तू उघडून बघितलंस. एकेक चित्र बघितलंस. प्रत्येक दोन चित्रांमध्ये मापानं कापलेला वर्तमानपत्राचा कागद आहे, कोपऱ्यात डांबराची गोळी आहे. तू ती चुलीत घातली असतीस तर मला मोकळेपणानं शिव्या तरी देता आल्या असत्या. सर एकदा घरी आले तेव्हा तू चरख्यावर चादर टाकून आत लुगडं बदलायला पळाली होतीस, ते मला परवा आठवलं. "पाहुन्याले असं दाखवते काय कोनी?" म्हणाली होतीस. असेल, लाज वाटली असेल तुला. पण मला सांगायचं होतंस ना! मी तुला चांगलं लुगडं नेसवून, खुर्चीत बसवून बारा चित्रं काढली असती. ती भिकार झाली असती, पण मी पाठवली असती. काहून नाही सांगितलंस?

आता तुझ्या नातीचं ऐक. तिच्या फॉर्ममध्येही शेवटी तसलीच एक ओळ आहे, दोन मिनिटांचा व्हिडिओ, ऐच्छिक. तिनं माझाच केलाय, मला न सांगता. मी बनियनवर फ्लेक्स कापून राहिलो, पोट सुटलेलं, तोंडात तंबाखूचा खर्रा, आणि फोनवर गिऱ्हाइकाला खोटं सांगतोय, "हाव भाऊ, तुमचंच करून राहिलो ना!" तिनं मला हसत हसत दाखवला. चांगला केलाय, ते मला कळतं. मी म्हटलं, "ऐच्छिक हाये ना? मंग राहू दे." तिचं हसू गेलं. म्हणाली, "पप्पा, माझ्याकडे पाठवण्यासारखं हेच आहे." तरी तिनं ऐकलं, व्हिडिओ बाजूला ठेवला. ही मागच्या आठवड्यातली गोष्ट, तेव्हा पेटी अजून उघडली नव्हती.

सोमवारी तिच्या फॉर्मची मुदत संपते. हे पत्र मी त्याच पाकिटात घालतोय, आणि पाकीट परत तुझ्या लुगड्याखाली. तुझी गाठ मला जमली नाही, साधीच मारली. पोरीला यातलं काही दाखवलेलं नाही, बायकोलाही सांगू नको म्हटलंय. दाखवलं तर ती तो व्हिडिओ पाठवेल, माय.