तिसऱ्या संध्याकाळचं कार्ड

वाशी, सेक्टर ९
रविवार, २४ मार्च १९९१

प्रिय नामदेव,

सलाम. तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. पुस्तकाची प्रुफं, तुझं पत्र आणि प्रुफांच्या मध्ये सगुणावहिनींनी घातलेले तांदळाचे पापड, सगळं पोचलं. पापडांचे तुकडे झाले होते. इफ्तारला तळले. झेबा म्हणाली, नामदेवकाकांच्या पुस्तकाला तेलाचा वास येतो.

आमच्याकडे सगळे ठीक. रोजे सोमवारपासून सुरू झाले. झेबाने दोन धरले, तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या पाणी प्याली आणि कोणाला सांगितलं नाही. पण बतूल आई आहे, तिला ग्लासवरून कळलं. मला कारखान्यात पहिली पाळी मिळाली आहे. मागून घेतली.

उत्तराला उशीर झाला. शेवटच्या पानावर, या नोंदी आम्ही दोघांनी पाहून केल्या अशा निवेदनाखाली, पेन्सिलीने फुली मारून तू लिहिलं आहेस, "जाफऱ्या, इथे सही कर. एक तारखेला छपाई सुरू." सही करायला किती वेळ लागतो हे मला माहीत आहे.

पुस्तक चांगलं झालं आहे. विशेषतः सुरुवात. ज्या अमेरिकन यानाचा हेतू सांगायचा नाही असं ठरवूनच ते उडवलं जातं, त्याच्याविषयी माणसं काय काय बोलतात, ते तू न हसता लिहिलं आहेस. कोणी म्हणतं, ते रशियाच्या उपग्रहाजवळ जाऊन त्याला न्याहाळतं. कोणी म्हणतं, पोटात घालून खाली आणतं. मी तेव्हा म्हणत होतो की ते कुवेतवर नजर ठेवायला गेलं आहे, कारण माझा भाऊ झैद नुकताच तिथून अंगावरच्या कपड्यांनिशी परतला होता. आपल्याला जे दुखतं तिकडेच यान बघत असणार असं माणसाला वाटतं. हे वाक्य तू माझ्या नावाने घातलं आहेस. मी असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. पण राहू दे.

सगुणावहिनी काय म्हणाल्या होत्या ते मात्र तू घातलं नाहीस. "आबालातल्या इमानाचा पोट तपासताव, नि घरान चूल पेटली का नाय ता कोन बघल?" ते घालायला हवं होतंस.

सातवं प्रकरण मी दोनदा वाचलं. त्याविषयी लिहायचं आहे.

तिथे तू आपली पद्धत सांगितली आहेस. तू कामोठ्याच्या गच्चीवर, मी वाशीच्या. मध्ये सरळ रेषेत बारा किलोमीटर. कारखान्याच्या टेलेक्सवर इंग्लंडच्या हौशी मंडळींकडून वेळ यायची. आकाशवाणीच्या टिकटिकीवर घड्याळं लावायची, आणि ठरलेल्या सेकंदाला यान कोणत्या ताऱ्यांजवळ दिसलं ते पोस्टकार्डावर लिहायचं. दोन ठिकाणांहून ते दोन जागी दिसणार. पाच-सहा चंद्र शेजारी ठेवले तर जेवढं अंतर होईल तेवढा फरक. त्या फरकावरून उंची.

आणि नियम तुझाच होता, आधी कार्ड पोस्टात, मग बोलणं. म्हणजे एकाचं ऐकून दुसऱ्याने लिहायला नको.

नोव्हेंबरातल्या तीन संध्याकाळी आपण हे केलं. पहिल्या दोन दिवशी उंची दोनशे साठ आली. तिसऱ्या दिवशी तीनशे. चाळीस किलोमीटर यान वर चढलं, आणि ही गोष्ट जगात कोणी जाहीर केलेली नाही. वर कोणाला तरी भेटायला गेल्याशिवाय ते चढणार नाही, म्हणून हेतू भेटीचा. तुझं सगळं पुस्तक त्या चाळीस किलोमीटरकडे चालत येतं. शाळेत तुला इमानमास्तर म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील, असं तू पत्रात लिहिलं आहेस.

आता रविवारचं सांगतो, मागच्या.

चांद बघायला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तीस-चाळीस माणसं होती. आकाश स्वच्छ. झेबा ओरडली, "पप्पा, तो बघा, टाकीच्या वर!" मग सगळ्यांनाच दिसला. बायका दुआ मागायला लागल्या. मुकादमचाचांनी माझा दंड धरला. मशिदीत ग्वाही द्यायला चार नावं त्यांना हवी होती.

"चल जाफर. तू तर आसमानचा मानूस. तुजी ग्वाही पयली."

"चाचा, दुसऱ्या कोणाला न्या."

"का? वझू नाय काय तुला? हातपाय धुवून ये मंग."

"मला दिसला नाही."

"अरे, शेंबड्या पोरांना दिसला! तुजी दुर्बीन काय शोकेसमधी ठेवायला हाय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण चांद दिसल्याची ग्वाही म्हणजे अल्लाला साक्षी ठेवून सांगायचं असतं की हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिथे दिसला म्हणणं मला जमलं नाही. मी पुन्हा म्हणालो, दिसला नाही. या वेळी बतूल हसली नाही. जिना उतरताना तिने माझा हात धरला. मी पायऱ्या पायाने चाचपतो हे तिने बघितलं होतं. किती दिवस बघत होती, विचारलं नाही.

गुरुवारी डॉक्टरांकडे गेलो. अंधाऱ्या खोलीत बसवून त्यांनी बारीक दिवे दाखवले. दिवा दिसला की टेबल वाजवायचं. मी वाट बघत बसलो. थोड्या वेळाने त्यांनी लाईट लावला आणि विचारलं, "स्कूटर चालवता?" चालवतो म्हणालो. "संध्याकाळी बंद करा." डोळ्याच्या मागच्या पडद्याचा आजार आहे. उजेड कमी झाला की दिसत नाही, आणि कडेचं दिसणंही हळूहळू कमी होत जाईल. औषध नाही. कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं. बतूल म्हणाली, दिवाळीपासून असेल. मी म्हणालो, त्याच्या आधीपासून. तिथे पहिल्यांदा खरं सांगितलं. तुला दुसऱ्यांदा सांगतो आहे.

नामदेव, नोव्हेंबरात मला यान दिसलं नाही. एकाही संध्याकाळी नाही. तारेसुद्धा दिसत नव्हते. मोठे दोन-चार असायचे, तेही कुठे बघायचं ते ठाऊक असल्यामुळे.

पहिल्या सकाळी तू शाळेजवळच्या बूथवरून कारखान्यात फोन केलास. कार्ड टाकून आला होतास. "बोल लवकर, मीटर पळतोय. तुला कुठं दिसलं?" मी म्हणालो, कार्ड टाकलंय, येईल ना, तू तुझं सांग. तुला धीर नव्हता. तू सांगितलंस. दुपारी जेवणाच्या सुट्टीत नकाशा काढून मी तुझ्या जागेपासून आग्नेयेला पाच-सव्वापाच चंद्र मोजले, इंग्लंडवाल्यांनी दिलेल्या उंचीला जुळतील एवढे, आणि कार्ड लिहिलं. तुझ्याकडे ती कार्डं आहेत. शिक्के बघ. तिन्हींवर दुसऱ्या दिवसाची तारीख आणि दुपारनंतरची वेळ आहे, तुझ्या फोननंतरची.

आमच्या कारखान्यात लॉगशीट असतं. बॉयलरचं तापमान, दाब, तासातासाला. सगळे शिफ्टच्या शेवटी एकदम भरतात. काल जे होतं तेच आज असणार, म्हणून. पण आठ तास एकच आकडा लिहिला तर सुपरवायझर ओळखतो. म्हणून मधेच एक अंश वाढवायचा, मधेच दोन कमी करायचे. खऱ्या नोंदीत चूक असते हे प्रत्येक जण शिकतो. वीस वर्षं मी हे केलं आहे.

तेच तुझ्या कार्डावर केलं. पहिल्या दोन दिवशी थोडं इकडे, थोडं तिकडे. तिसऱ्या दिवशी वाटलं, फार नीट जुळतंय, तुला संशय येईल. एका चंद्राहून थोडी कमी एवढी चूक घातली. तेच तुझे चाळीस किलोमीटर.

ते यान चढलं नाही. निदान चढल्याचा काही पुरावा नाही. डबा खाता खाता मी ते चढवलं.

मी तुला तेव्हाच का सांगितलं नाही, असं विचारशील. एक उत्तर असं की मला नीट माहीत नव्हतं. संध्याकाळी थकवा येतो, चष्मा बदलायला हवा, असं मी मला सांगत होतो. हे उत्तर पुरं नाही. दुसरं असं की पनवेलच्या शाळेत असल्यापासून आपण एकमेकांना जे दाखवत आलो ते आकाशातलंच. न दिसणारा जाफर तुझ्या काय उपयोगाचा, हा हिशोब मी त्या वेळी केला. तुझ्या मनात असं काही आलं नसतं हे मला आज कळतं. त्या वेळी मला त्यावर भरवसा ठेवता आला नाही. गच्चीवर मी तिन्ही संध्याकाळी होतो. कार्डांवर तेवढंच खरं आहे. ठरलेल्या सेकंदाला मान वर करून उभा होतो.

पुस्तक थांबव असं मी म्हणत नाही. थांबवायचं की नाही ते तूच ठरव. छपाईला अजून आठवडा आहे, म्हणून आज लिहितो आहे. हे पत्र उद्या सकाळी पाळीवर जाताना स्वतः टाकेन. सातवं प्रकरण काढलंस तर पुस्तकाला शेवट राहत नाही, हेही मला दिसतं. ते यान वर काय करत होतं हे आपल्याला माहीत नाही. एवढंच छापायची तयारी असेल, तर त्या वाक्याखाली माझं नाव घाल. फुलीजवळ मी सही केलेली नाही. प्रुफं वेगळ्या पाकिटात परत पाठवतो. तुझ्या नोंदी खऱ्या आहेत, त्या कोणालाही दाखवता येतील.

तू रागावशील. महिना-दोन महिने लिहिणार नाहीस. वहिनींना सगळं सांग, त्यांच्यापासून काही लपवायचं नाही. त्या माझ्या बाजूने बोलल्या तर बोलू दे.

ईदला दरवर्षी येतोस. या वर्षी आलास तर दिवसा ये. संध्याकाळीच यायला जमलं, तर जिन्यात मी समोर उभा असेन आणि तुझ्याकडेच बघत असेन, पण मी ओळख दाखवणार नाही. त्याचा अर्थ दुसरा लावू नकोस. आधी तू हाक मार.

तुझा,
जाफर