तिसरी कमान, बारा सूत

प्रिय टाचणी,

या नावाने तुला आता कोणी हाक मारत नसेल, आणि मी मारली तर तू ओ देशील की नाही तेही सांगता येत नाही. पण तीन वर्षांनी पहिल्यांदाच लिहायला बसलोय, तर निदान सुरुवात तरी माझ्या मनासारखी होऊ दे.

घरी सगळे बरे आहेत, सगळे म्हणजे आई आणि मी. आईचा गुडघा तसाच आहे. जिना चढताना ती पायरीपायरीला बडबडते, आणि त्यातलं निम्मं मला उद्देशून असतं. कापायचं टेबल मी खिडकीजवळ नेलं. उजेड पाठीमागून येतो, खडूची रेघ सावलीत जाते, असं तू किती वर्षं सांगत होतीस. तू गेल्यावर नेलं. लगेच खूश होऊ नकोस, आधीच्या जागी छपरातून पाणी गळायला लागलं होतं.

संग्रहालयाच्या नऊ जुन्या लष्करी ट्रकांना कॅनव्हासची छतं शिवायचं काम तुझ्या हातातून गेल्याचं मला कळलं. त्याबद्दलच लिहायचंय. पण मला एकदम मुद्द्याला हात घालता येत नाही, आधी सगळं कापड पसरावं लागतं, हे तुला माहीत आहे.

तू गेलीस त्या दिवसाचं भांडण मला शब्द न् शब्द आठवतं. विषय ड्रायव्हरकाकांचा होता. सैन्यात आयुष्यभर जो ट्रक चालवला, त्याच जातीचा एक मोडका ट्रक त्यांनी निवृत्तीनंतर लिलावात घेतला आणि होतं नव्हतं ते त्यात ओतलं. छतासाठी आपल्याकडे आले, माझा भाव ऐकला, चहा संपवला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेले. मग ट्रकवर निळं प्लास्टिक बांधून बसले. तू म्हणालीस, प्लास्टिकच्या आत घाम धरतो, खाली सगळं गंजत चाललंय, त्यांना हलक्या कापडाचं, साध्या शिलाईचं, परवडेल असं छत करून देऊ. जुने लष्करी ट्रक काय फक्त बंगलेवाल्यांनीच पाळायचे का, असंही विचारलंस. मी म्हणालो, माझ्या नावाचं लेबल असल्या कापडावर लागणार नाही. तू म्हणालीस, मग लेबल लावू नका. मी म्हणालो, तंबूवाल्याकडे जा नोकरीला, तिथे असलंच शिवतात. हे शेवटचं जरा जास्त झालं. तेव्हाही कळलं होतं.

तू तंबूवाल्याकडे गेली नाहीस. स्वतःचं दुकान काढलंस आणि पाटीवर लिहिलंस, ‘जुन्या लष्करी ट्रकांसाठी परवडणारी कॅनव्हास छतं’. त्यातला ‘परवडणारी’ हा शब्द तू केवळ मला टोचायला रंगवून घेतलास, असं मी तीन वर्षं धरून चाललो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतही होतो.

आता माझं. मला कोणी शिकवलं नाही, हे ऐकून ऐकून तुझे कान किटले असतील, तरी पुन्हा लिहितो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शाळा नववीत सुटली. भंगारवाल्याच्या आवारात काकांच्या ट्रकच्याच जातीचा एक ट्रक उभा होता, त्यावर मूळचं छत, पार जीर्ण झालेलं. ते मी ब्लेडने टाका टाका करत उसवलं. अकरा दिवस लागले. एकेक तुकडा खाकी कागदावर ठेवून आखला. मधला भाग मात्र हातातच पीठ झाला, म्हणून तिथलं माप सरळ ट्रकवरून, छत तोलणाऱ्या पाच लोखंडी कमानींपैकी तिसरीवरून, दोरीने घेतलं. त्यावरून पत्र्याचे साचे कापले, आणि त्या साच्यांवर हे घर बावीस वर्षं चाललं. लोक इंचात बोलतात, मी सुतात बोलतो, इंचाला आठ सूत. दोन सूत इकडचं तिकडे झालं तर मी तेवढा तुकडा बाद करायचो, हे तू पाहिलंयस.

मापायचं मी, कापायचं मी, मशीनवर आधी तुझी आई आणि मग तू. शेवटी छत सांगाड्यावर चढवायचं आणि खालच्या कडेला मी दोरी ताणून बघायचो. कड कायम सरळ. मग मी म्हणायचो, साचा बरोबर असला की मशीनवर कोणीही बसवा. तुमच्या दोघींच्या देखत म्हणायचो. तुम्ही दोघी तेव्हा खाली पडलेले दोरे वेचत असायचात.

तू गेल्यावर मशीनवर एक कारागीर ठेवला. हात असा स्वच्छ की खडूच्या रेघेवरून सुई ढळायची नाही. आणि छतं परत यायला लागली. सगळ्यांची तक्रार एकच. मधल्या कमानीवर कापड ताणतं, तिथे खालची कड उचलली जाते, दोर हुकापर्यंत पोचत नाही. मी म्हणालो, कापड आटलं. गिरणी बदलली. मग म्हणालो, कारागीर शिवणीत कापड खातो. त्याला काढून टाकला. जाताना तो एवढंच म्हणाला, तुमच्या रेघेवरच शिवलंय, मोजून घ्या. मी मोजलं नाही. एका गिऱ्हाइकाला तर तोंडावर सांगितलं की तुमच्या ट्रकची कमान फुगली आहे. लोखंडाची कमान, फुगली.  संग्रहालयासाठी नमुन्याची दोन छतं केली, तीही तशीच उचलली गेली.

गेल्या महिन्यात ड्रायव्हरकाका आले. तू करून दिलेलं छत फाटकाच्या खिळ्यात अडकून कोपऱ्याला फाटलं होतं. तुझं दुकान लांब, म्हणून माझ्याकडे आणलं. मी आनंदाने ठेवून घेतलं, आणि खोटं कशाला लिहू, दुरुस्तीसाठी नाही, चुका काढण्यासाठी. टेबलावर पसरलं आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. कापड हलकं. धाग्याला मेण नाही. दोर ओवायचे डोळे पितळेचे नाहीत, लोखंडाचे. कोपऱ्याला चामडं नाही, तिथे कापडच दुहेरी घेतलंयस. असे सात दोष लिहिले. मग माझी मापं कुठे कुठे चोरलीस ते दिसावं म्हणून माझे साचे वर ठेवले. चार कमानींपाशी रेघेला रेघ. तिसऱ्या कमानीपाशी तुझं कापड माझ्या साच्याच्या बाहेर, दोन्ही अंगांना बारा बारा सूत. मी आईला हाक मारून दाखवलं, बघ, लेकीला माप घेता येत नाही. आई बघून गेली. 

कोपरा शिवून मी स्वतः छत घेऊन काकांकडे गेलो. तुझी फजिती त्यांच्यासमोर दाखवायची होती. छत चढवलं, दोर ओढले, आणि कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. मी त्यांच्या ट्रकची तिसरी कमान मोजली. मग पलीकडच्या गॅरेजात त्याच जातीचा आणखी एक ट्रक होता, त्याची मोजली. दोन्ही तुझ्या मापाच्या. भंगारवाल्याच्या ट्रकची ती कमान कशाने तरी दबलेली असणार. दबलेल्या कमानीचं माप मी खरं समजून घरी आणलं आणि पत्र्यात कापून ठेवलं.

घरी आलो तेव्हा आई उशीचे अभ्रे शिवत होती. विचारल्यावर तिने सगळं सांगितलं, तेही काम न थांबवता. तिला दुसऱ्याच छतापासून ठाऊक होतं. त्या कमानीपाशी शिवणीत कापड कमी दाबायचं, म्हणजे छत तेवढं वाढतं, आणि दोन्हीकडे फूटभर अंतरात शिवण हळूहळू रेघेला मिळवून घ्यायची, म्हणजे कोणाला दिसत नाही. तुला मशीनवर बसवलं तेव्हा पहिल्या दिवशी तिने हेच शिकवलं. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंत?

“सांगणार कोण तुम्हाला?” ती म्हणाली, आणि दोरा दाताने तोडला.

मला राग आलाय, टाचणी. तुम्हा दोघींना वाटत असेल मी शरमलोय. तेही आहे, पण राग जास्त आहे. बावीस वर्षं मी दोरी ताणून तुमचं काम तपासत होतो आणि माझं म्हणून मिरवत होतो, आणि तुम्ही मिरवू दिलंत. वेडा माणूस सांभाळावा तसं सांभाळलंत. एकदा तरी म्हणायचं होतंस. मी ओरडलो असतो, साचा भिरकावला असता, आठवडाभर जेवताना तोंड उघडलं नसतं. पण मग मोजलं असतं. असं वाटतं. खात्री नाही, कारण कारागिरानेही मोजायला सांगितलंच होतं. परवा त्याच्या घरी जाऊन आलो. त्याने दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं. बसा म्हणाला नाही.

आता जे लिहायला बसलो ते. दोन्ही नमुने फसले तेव्हा संग्रहालयाच्या व्यवस्थापकांनी मला लेखी कारण मागितलं. त्यांच्यापुढे दोनच नावं होती, तुझं आणि माझं, आणि तुझं वर होतं. मी लिहून दिलं की दुकान सोडताना माझ्या मुलीने माझे साचे बिघडवून ठेवले, तिच्यावर भरवसा ठेवू नये. खाली सही केली. तुला नकार आला तो त्या कागदामुळे. काका सांगत होते, तू कापून ठेवलेलं कापड पुन्हा गुंडाळून ठेवलंस. सोमवारी मी जाऊन दुसरं पत्र दिलं, की साचा पहिल्यापासून चुकीचा, चूक माझी, मुलगी ती झाकत होती, आणि माझं नाव यादीतून काढावं. त्यांनी दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली आणि म्हणाले, बापाला मागाहून माया आली असेल, मुलीच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी निर्णय बदलणार नाही. येत्या आठवड्यात ते तुला फोन करतील. तू काय बोलशील ते मला आत्ताच ऐकू येतंय. बाबांचे साचे तसे ठीक होते, थोडंफार इकडेतिकडे झालं असेल, जाऊ द्या. तसं म्हणालीस तर नऊ ट्रक गेले आणि माझं पहिलं पत्र खरं ठरलं. तेव्हा या वेळी मला सांभाळून घेऊ नकोस. चूक बाबांची होती आणि मला माहीत होती, एवढंच म्हण आणि फोन ठेव.

तुझाच,
अजून राग न गेलेला,
बाबा