खोडावरचं दगडफूल

सावदा, रविवार संध्याकाळ

आज पालच्या जंगलात एका खोडावर तळहाताएवढा राखाडी पापुद्रा दिसला. दगडफूल! आयुष्यभर काळ्या मसाल्यासाठी भाजलं, पण जिवंत पहिल्यांदाच पाहिलं. धाकटी जाऊ सुरीनं खरवडायला निघाली. मी तिचा हात धरला नि याच्याबद्दल वाचलेलं सांगू लागले.

"अक्का, फुकटचं भेटतंय. मसाल्यात काय पुस्तक घालाल?"

पुस्तकातच तर वाचलंय. बुरशी आसरा देते, शेवाळ अन्न करतं. दोघं मिळून हा एक जीव. एवढ्याशा पापुद्र्यात एवढा संसार! किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. हे गेल्यापासून एकटीपुरतं रांधते, म्हणून का इतकं भिडलं?

पापुद्रा तिथेच ठेवून आलो. यंदाच्या मसाल्यात विकतचंही दगडफूल घालणार नाही. चव थोडी कमी लागेल. त्याची मला सवय आहे.