वडाच्या जागेवरची लँड क्रूझर

मुलुंड (पूर्व)
२ ऑगस्ट १९८६

तीर्थरूप चंद्रप्रकाश भाऊजींच्या पायांवर गुणाजीचं डोकं. (बाकीचं अंग गाडीखाली असल्यामुळे साष्टांग जमत नाही, माफी असावी.)

इकडे सगळं खुशाल. तुम्ही ज्या क्रमाने विचारता त्याच क्रमाने कळवतो. गाडीचं इंजिन बरं आहे, बॅटरी बरी आहे, चारी टायरांत हवा आहे, स्टेपनीतही आहे. क्लच घसरतो. तुमच्या मातोश्रींचे गुडघे दुखतात. ताई बरी असावी. तुमच्या पत्रात तिच्यासाठी “प्रेमास आशीर्वाद” एवढंच असतं, तेही जागा संपल्यामुळे समासात आडवं, म्हणून मीही तिच्याबद्दल समासापुरतंच लिहितो. तुमची तब्येत कशी आहे? मस्कतला उकाडा फार असेल. इथेही आहे, पण आमच्या लँड क्रूझरला एसी आहे. तो चालू करायचा नाही अशी तुमची ताकीद आहे, म्हणून आम्ही त्याच्याकडे नुसतं बघून गार होतो.

भाऊजी, राग मानू नका, पण ही गाडी सांभाळण्यापेक्षा मी तिसऱ्यांदा मॅट्रिकला बसलो असतो. तुम्ही कायमचं परत यायचं ठरवलंत, कायमचं येणाऱ्याला गाडी आणता येते म्हणून गाडी आणलीत, ती कंपाउंडात उभी केलीत आणि दीड महिन्यात नवीन कॉन्ट्रॅक्टवर परत गेलात. त्याला आता दोन वर्षं होतील. कस्टमच्या अटीमुळे गाडी पाच वर्षं विकता येत नाही. गाडीची मुदत कळली. ताईची किती, ते तुम्ही कधी लिहिलं नाहीत.

रोज सकाळी मी इंजिन चालू करतो. टायर एका जागी बसू नयेत म्हणून गाडी हातभर पुढे, हातभर मागे करतो. (सोसायटीतले लोक म्हणतात, गुण्याची नोकरी म्हणजे हातभर पुढे, हातभर मागे. आयुष्यात याहून लांब मी कुठे पोचलो नाही हे खरं, पण ते दुसऱ्याने बोलायचं नाही.) मग फडकं, मग कव्हर. सेक्रेटरी तावडे काका रोज खाली येऊन बॉनेटवर पानाचा डबा उघडतात आणि आल्यागेल्याला सांगतात की डोंगर चढते ही. डोंगर सोडा, कंपाउंडचा उतारसुद्धा महिनोन्‌महिने बघायची नाही ती.

बाहेर काढली तर वेगळीच आफत. स्टिअरिंग डावीकडे. पुढे बेस्टची बस आली की उजवीकडून समोरचं दिसतं कुणाला? म्हणून उजव्या सीटवर कुणीतरी बसून “जा” किंवा “थांब” असं ओरडावं लागतं. मरोळला दादू मिस्त्रीकडे जायचं तर मी नाक्यावरून कुणालाही उचलतो. एकदा एक चणेवाला बसवला. त्याला पवईपर्यंत जायचं होतं, त्यामुळे तो प्रत्येक बसच्या मागे “जाओ, जाओ” म्हणत सुटला. पवईला तो उतरला, तेव्हा मी गाडी कडेला लावून सरळ तलावावर जाऊन बसलो. तिथे एकजण गळ टाकून बसला होता, त्याच्याशी गप्पा झाल्या, त्याच्या मेव्हण्याचं लग्न वसईला होतं, आणि... ते जाऊ दे. गाडी दुसऱ्या दिवशी मरोळला पोचली.

तुमचं मागचं पत्र मी दादूला वाचून दाखवलं. निसान बघून आलात, लँड क्रूझरपेक्षा तिची मागची जागा ऐसपैस, वाळूत हलकी, पुढच्या खेपेला तीच आणायचा विचार आहे, वगैरे. दादूने हात पुसले आणि म्हणाला, “निसान म्हणजे आपल्या मिलिटरीच्या जोंगा जीपची थोरल्या घरची बहीण. कुर्ल्याच्या भंगारात जोंग्याचं काहीतरी मिळतं, घासून बसवता येतं. ही लँड क्रूझर एकटी. हिचं माहेर लांब.” मग विचार करून म्हणाला, “ताकद हिची, सोय तिची. पण तुझ्या भाऊजींना चालवायची कुठलीच नाय, तर दोघी सारख्याच.” दादू जास्त बोलतो. पण क्लच तोच बघतो, म्हणून ऐकून घ्यावं लागतं.

आता वटपौर्णिमेचं सांगतो, कारण मातोश्रींनी तुम्हाला कळवलं असेलच आणि त्यात माझीच चूक असेल. कंपाउंडाच्या कोपऱ्यात बायकांनी लावलेला एक वड होता, आठवतोय? गाडी मावेना म्हणून तावडे काकांनी तो तोडायला लावला. तुम्ही सोसायटीला टेपरेकॉर्डर दिलात, कुणी काही बोललं नाही. गेल्या वर्षी बायकांनी फांदी आणून भागवलं. यंदा फांदीवालाच आला नाही. पाचजणी उपाशीपोटी ताटं घेऊन उभ्या, समोर वडाच्या जागेवर तुमची गाडी. त्यांतल्या कुंदावहिनी म्हणाल्या, “ज्याच्या मोटारीपायी वड गेला त्याच्या बायकोने सांगावं आता काय करायचं.” ताईने सुताचं टोक पुढच्या बंपरला बांधलं आणि गाडीला फेरे घालायला लागली.

वरून मातोश्री ओरडल्या, “गो बाय, वडाक फेरे मारतत, मोटारीक नाय.” ताई चालतच राहिली. लँड क्रूझरचा घेर काय सांगू, दुसऱ्या फेऱ्यालाच एक रीळ संपलं. तिचं बघून बाकीच्याही सुरू झाल्या. (खुद्द तावडे काकूही. काका बॉनेटवरचा पानाचा डबा उचलायला धावले, तर म्हणाल्या, तुमच्यासाठीच चाललंय, बाजूला व्हा.) म्हणजे बघा, तुमच्या एका गाडीवर यंदा पाच नवरे सात जन्मांसाठी बांधले गेले. ते जन्म मागायला स्वतः आलेला त्यांतला एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी दादूने क्लच बघायला बोलावलं होतं. सूत तोडायचं नाही एवढी अक्कल मला आहे. मी मागच्या दाराशी दोरे सरकवून आत शिरलो, सीटांवरून रांगत स्टिअरिंगला पोचलो आणि सूत गुंडाळलेली गाडी तशीच अलगद मरोळपर्यंत नेली. साकीनाक्याला हवालदाराने नमस्कार केला. एक धागा तुटला नाही. आणि गॅरेजमध्ये मी चहा सांगायला वळलो तेवढ्यात दादूने बॉनेट उघडलं. खटाखट सगळे गेले. मी ओरडलो, तर म्हणतो, “आता इंजिन बघू का तुमचे सात जन्म?”

घरी आलो. कुंदावहिनींनी दार लावून घेतलं. मातोश्री दोन दिवस नुसत्या चहावर होत्या. मला वाटलं ताई रडेल. तिने बंपरला लोंबणारं सूत काढलं, बोटांना गुंडाळून त्याची नीट गुंडी केली आणि म्हणाली, “गुण्या, मला ही चालवायला शिकव.”

मी तिला जकात नाक्यापलीकडच्या मैदानात शिकवलं. मला वाटलं होतं दोन दिवसांत कंटाळेल. भाऊजी, ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. मी चालवताना गाडी चालते, ती चालवताना गाडी ऐकते. गेल्या महिन्यात लायसन झालं. तुमचं निसानचं पत्र मी जेवताना तिलाही वाचून दाखवलं होतं, वाळू, मागची जागा, सगळं. ती भात वाढत होती. एवढंच विचारलं, “त्यात पण तुझे भाऊजी डावीकडेच बसणार का?” मग म्हणाली, आमटी घे.

तर आता तुमची गाडी तुम्ही सांभाळा, नाहीतर दुसरा मेव्हणा बघा. वाहनमालकांस नमस्कार, वाहनास फडकं.

तुमचा,
गुणाजी

ता. क. हे पत्र ताईला माहीत नाही. मातोश्रींना अर्धं माहीत आहे.

ता. क. दुसरा. वर रागाने लिहिलं ते खरं आहे, तरी दुसरा मेव्हणा बघू नका. गाडीची सवय झालीय. खरं म्हणजे पत्र वेगळ्याच कारणासाठी लिहायला घेतलं होतं, मध्ये चणेवाला आला. गणपतीला तुम्ही आलात तर ताई स्वतः गाडी घेऊन सहार विमानतळावर येईल, हे ती बोललेली नाही, पण तिने गाडीतून तिथवर जाऊन रस्ता बघून ठेवलाय. निसान आणू नका. काहीच आणू नका. उजवी सीट रिकामी आहे. मी आता तिथे बसत नाही, मागे बसतो. त्या सीटवर बसणाऱ्याचं काम एवढंच, पुढे काय येतंय ते बघायचं आणि तिला सांगायचं. ते जमेल का, तेवढं कळवा.

ता. क. तिसरा. जमत नसेल तर निदान क्लचप्लेट पाठवा. तिला लांब जायचंय.