दहा मिनिटांचं ऊन

१० फेब्रुवारी, सोमवार

पालथी पडून लिहिते आहे. पाठ टेकवता येत नाही, कुशीवर होता येत नाही, अंगात सैल सदरा घातला तरी त्याची शिवण टोचते. काल त्या मशीनमध्ये झोपले आणि आज ही दशा!

नीट लिहून ठेवते, नाहीतर पुढे माझं मलाच खरं वाटायचं नाही. रिंग रोडला नवलभाऊंचं ब्युटी सेंटर आहे. त्यांनी सुरतेहून एक जुनं मशीन आणलंय. वर-खाली निळ्या नळ्या, मध्ये आपण झोपायचं, वरून झाकण. अंग सावळं करून मिळतं. हो, सावळं! पैसे देऊन! तेही जळगावात, जिथे एप्रिलमध्ये डांबराला चपला चिकटतात. जुबेदा, माझी रूममेट, रात्रभर ओला पंचा पिळून पाठीवर टाकत होती आणि मध्येच हसत होती. "अगं, मेहरूणच्या तलावावर भरदुपारी फुकटात झोपली असतीस की!"

हसायला काय जातंय तिचं. गेल्या वर्षी भुसावळला बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवर मी पांढरीफटक दिसले. लावलेला रंग घामाने ओघळला आणि लाईटखाली पाठीचा एक स्नायू दिसेना. परीक्षक माझ्या कोचना, शेहजाद सरांना, म्हणाले, "पोरगी मेहनती आहे, पण दिसत काहीच नाही." अख्खं वर्ष त्या एका वाक्यावर काढलंय मी. पहाटे जिम, दिवसभर त्याच जिममध्ये बायकांच्या बॅचेस, संध्याकाळी परत स्वतःचा व्यायाम. सर म्हणाले, आधी कातडीच थोडी सावळी करून घे, मग वरचा रंग बसेल. म्हणून हे मशीन.

२३ तारखेला धुळ्याला स्पर्धा. माझ्या गटातल्या पहिल्या दोघी राज्याला जाणार. आणि घरी नानांशी, म्हणजे वडिलांशी, ठरलंय: एक वर्ष, एक स्पर्धा. नंबर आला तर खेळ चालू. नाही आला तर जिम सोडायची, सावद्याला परत जायचं आणि फैजपूरला बी.एड. मीच हो म्हटलंय, नानांच्या डोळ्यांत बघून.

तेरा दिवस उरलेत.

११ फेब्रुवारी

फोड आलेत! जुबेदाने फोटो काढून दाखवला आणि मीच ओरडले. दोन्ही खांदे, पाठ, दंडाची मागची बाजू. काही फोड लिंबाएवढे, पिवळे पाणी भरलेले. पुढून मात्र नुसती लाल झाले आहे. पाठीवरच एवढं का?

नवलभाऊंना फोन केला. "ताई, मी सहा मिनिटं म्हटलो होतो. तुम्हीच म्हटल्या, दहा करा." म्हटलं होतं मी, खरं आहे. पण मग तुम्ही कशाला तिथे बसलात हो? गिऱ्हाईकाने म्हटलं विहिरीत उडी मारते, तर दोर सोडणार का? तोंडाला येईल ते बोलले. ते नुसतं "हो ताई, हो ताई" करत राहिले, त्याने आणखी चिडले.

आईचा फोन. न सांगायचं ठरवलं होतं, पण आवाजावरून तिने ओळखलंच. सगळं ऐकून घेतलं आणि मग रडायलाच लागली. "आयतवारी कितली उजय करून धाडली व्हती तुले!"

रविवारी उजळ करून धाडली म्हणे! हेच राहिलं होतं. पंधरा वर्षं बेसन, साय, हळद, काय काय फासून हिने मला गोरी ठेवली आणि मी पैसे मोजून काळी व्हायला गेले. तिच्या बाजूने बघितलं तर वेडच लागायचं. पण माझ्या बाजूने कुणी बघायचं?

१२ फेब्रुवारी

कातडीच्या डॉक्टर, डॉ. जीनत. बारीक चणीच्या, बोलणं तुटक. भाजलेलं खोल आहे म्हणाल्या. मलम, गोळ्या, रोज पट्टी. तीन आठवडे व्यायाम नाही, घाम नाही, ऊन नाही.

"अंगाला काही लावलं होतं का आधी?"

"काही नाही."

"तेल, अत्तर, क्रीम?"

"नाही हो." त्या मशीनचं सोडून माझीच चौकशी! फार राग आला.

तीन आठवडे म्हणजे स्पर्धा गेली. त्यांच्यासमोर नाही रडले. रिक्षात रडले. रिक्षावाल्याने आरसा वळवून घेतला, भला माणूस.

१३ फेब्रुवारी

शेहजाद सर म्हणाले, "बेटा, अगले साल." अगले साल कुठून आणू?

१४ फेब्रुवारी, सावदा

नाना गाडी घेऊन न्यायलाच आले. पुढच्या सीटवर मी उलटी, पाठीच्या टेकीला छाती लावून, लहान मूल खिडकीत बसतं तशी. वाटेत साकेगावजवळ नाना एकदा फक्त म्हणाले, "पंखा लावू का एसी?"

घरी आल्या आल्या त्यांनी मळ्यातून केळीची कोवळी पानं आणली, नुकतीच उलगडलेली. आईने ती उकळत्या पाण्यातून काढली, स्वच्छ फडक्याने टिपली, गार केली आणि पलंगभर अंथरली. डॉ. जीनतना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, "सावद्याचे ना तुम्ही? चालेल. चिकटत नाही ते जखमेला. फक्त उकळा नीट." तेव्हा पहिल्यांदा पाठीवर झोपले! पाच दिवसांनी छत दिसलं. छताला कोळिष्टक आहे, तेही आवडलं.

आई म्हणाली, "केयीचं पान थंड ऱ्हातं माय." मग बराच वेळ पायाशी बसून राहिली.

१५ फेब्रुवारी

बायका बघायला येऊन जातात. शेजारच्या अक्का सगळ्यांत भारी. दारातूनच म्हणाल्या, "लोकं पाव्डरा लावता, अन् हे कायी व्हायले गेली!" आणि मग दुःख झाल्यासारखं तोंड करून चहा प्यायल्या. दोन कप.

आईने त्यांना काही म्हटलं नाही. एरवी ती माझ्यावरून गावाशी भांडते. शाकाहारी घर आमचं, आजीच्या वेळेपासून अंड्याचं टरफल आत आलेलं नाही. पण मी जिम सुरू केली तेव्हा हिने मागच्या अंगणात वेगळी चूल मांडली, वेगळं पातेलं घेतलं आणि नाकाला पदर लावून माझी बारा-बारा अंडी उकडली. लोक काय म्हणतात, विचारलं नाही. मी स्टेजवर कोणत्या कपड्यात उभी राहते ते फोटोत बघितलं, तेव्हाही फक्त "थंडी नाही वाजत का?" एवढंच म्हणाली. अशी आई कुणाला असते? आणि मी मात्र दिवसभर तिच्यावर डाफरते. पाणी गरम का, भात गार का, हात हळू का नाही लावत.

१६ फेब्रुवारी

जिमच्या ग्रुपवर सगळं टाकलं. पाठीचे फोटो, नवलभाऊंचं नाव, मशीनचा फोटो, सगळं. "हा माणूस कातडी जाळतो." दुपारपर्यंत शंभरावर उत्तरं. कुणीतरी तिथे जाऊन भांडलं म्हणे, काच फुटली. बरं झालं! कुणाचं तरी काहीतरी फुटायलाच हवं होतं.

१७ फेब्रुवारी

आज पट्टी दाखवायला जळगावला गेले. एकटी, हट्टाने. लिहायचं की नाही कळत नाही. लिहिते.

डॉक्टरांनी फोड बसलेल्या पाठीचा फोटो काढला आणि स्क्रीनवर मोठा करून दाखवला. "हे बघ. मशीनने भाजलं तर सगळीकडे सारखं भाजतं. तुझ्या छातीला, पोटाला बघ, नुसतं लाल होतं, ते गेलंसुद्धा. पण इथे?" डाव्या खांद्याखाली तपकिरी डाग. एक, दोन, तीन, चार. आणि बाजूला आखूड, पाचवा. पंजा. कुणाच्या तरी हाताचा पूर्ण पंजा माझ्या पाठीवर!

"लिंबू लावलं होतं? साल?"

रविवारी सकाळी सावद्याहून निघण्याआधी आईने मला न्हाऊ घातलं. महिन्यातून एकदा घरी आले की ती उटणं लावतेच. त्या दिवशी उटण्यानंतर लिंबाच्या फोडी घेतल्या आणि पाठ, खांदे, दंड घासले. सालीसकट, जोर लावून. साबण लावू दिला नाही. "धुवू नको, मुरू दे." तोंडाला मी लावू दिलं नाही, म्हणून तोंड वाचलं. तिथून गाडीने दीड तासात जळगाव आणि थेट मशीनमध्ये.

डॉक्टर म्हणाल्या, लिंबाचा रस आणि तसला प्रकाश एकत्र आले की कातडी जळते. उन्हानेही होतं. उन्हाळ्यात रसवंतीवाल्यांचे हात त्यांच्याकडे असेच येतात. "मशीन सहा मिनिटं असतं तरी एवढंच झालं असतं. डाग सहा-आठ महिने राहतील. मी पहिल्या दिवशी विचारलं होतं तुला."

विचारलं होतं. आणि मी सांगितलं, काही नाही. आईचा हात माझ्या हिशेबात धरायचाच नसतो ना कधी!

१८ फेब्रुवारी

आईला सांगायचं नाही. ठरलं.

तिला कळलं तर ती जेवण सोडेल. लिंबाचं झाड तोडायला लावेल नानांना. मरेपर्यंत माझ्या पाठीकडे बघणार नाही. नको. चुकून झालं, तिला काय ठाऊक? मला तरी ठाऊक होतं का? माझं वर्ष गेलं, ते गेलं. निदान एकीचं तरी मन शाबूत राहू दे.

पण मग नवलभाऊ? त्यांची काच?

१९ फेब्रुवारी

ग्रुपवरचं सगळं पुसलं. लिहिलं: चूक माझी होती, मशीनची नाही, डॉक्टरांनी तपासून सांगितलं. लोक म्हणतात, पैसे घेऊन गप्प बसली. म्हणू देत. नवलभाऊंना फोन केला. काचेचे पैसे देते म्हटलं. ते म्हणाले, "काचेचं सोडा ताई. माझ्या मुलीच्या शाळेतल्या बायका येत होत्या, त्या बंद झाल्या." मी माफी मागितली. कारण विचारलं त्यांनी. नाही सांगितलं.

आई दारात उभी होती. "कोनाशी बोलत व्हती?" म्हटलं, जुबेदाशी. खोटं बोलायचीही सवय होते आहे.

२१ फेब्रुवारी

खाज! जखम भरते म्हणून खाज येते म्हणे. भिंत चावावी वाटते. आई पंख्याने वारा घालते आणि मी चिडून म्हणते, जोरात घाल. ती जोरात घालते. हिला काहीच लागत कसं नाही? एकदा तरी उलट बोल ना गं!

रात्री नाना बी.एड.चा फॉर्म टेबलावर ठेवून गेले. वर पेपरवेट. ठरलं होतं ते ठरलं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

धुळे.

शेहजाद सरांनी व्हिडिओ पाठवले. बघायचे नाहीत म्हणून फोन पिठाच्या डब्यावर ठेवला. अर्ध्या तासाने घेतलाच. माझ्या गटात चौघीच. चौघीच होत्या! दोन नंबरवर आलेल्या मुलीची पाठ माझ्या अर्धीही नाही. हे मी गर्वाने म्हणत नाही, मोजून म्हणते आहे. फक्त रंग मस्त बसला होता तिला. लाईटखाली एकेक रेघ दिसत होती.

फॉर्मवर नाव लिहिलं. जन्मतारीख लिहिली. पुढचं उद्या.

२४ फेब्रुवारी

सकाळी पट्टी बदलताना आईचा हात त्या पंजाच्या डागावर थांबला. म्हणाली, "भूमे, ते निंबू..." मी घाईघाईने तिची समजूत घालायला लागले: अगं, तुला काय ठाऊक, चुकून झालं, मी कधीच...

ती मान हलवत राहिली. "चुकून नाही माय. शनिवारी तू अंगनात फोनवर बोलत व्हती ते मी ऐकलं. मशीनात जाऊन कायी व्हनार म्हनून. मले वाटलं, निंबू घासलं का रंग बसनार नाही. म्हनून दोनदा घासलं. जयशील हे मले नव्हतं ठाऊक, देवाशपथ. तू पांढरीच दिसली असती, हरली असती, अन् घरी आली असती. एवढंच मनात व्हतं."

जळेल हे तिला ठाऊक नव्हतं, हे मी मानते. हरावं हे मात्र तिला हवं होतं. तिनेच, बारा अंडी उकडून देणारीने.

नानांकडे गेले. म्हटलं, ठरलेलं तुमच्या घरातून मोडलं, मी नाही मोडलं. का, ते आईला विचारा. फॉर्म फाडला. जळगावच्या साडेअकराच्या गाडीत बसले आहे, पुढे वाकून, मांडीवर वही ठेवून लिहिते आहे. पाठीला मलम जुबेदा लावेल. आई स्टँडपर्यंत आली होती. मी खिडकीतून बघितलं नाही.