अर्धा कप

सदादादा,
जय भीम.

शहापूरला शाळेच्या एका खोलीत आमी दारू सोडलेली माणसं दर रविवारी बसतो. पयल्या दिवशी माझे हात इतके थरथरत होते, की मी चहा नको म्हणालो. किटली घेतलेल्या जाणूने काय विचारलं नाय. कप अर्धाच भरून दिला. थेंब सांडला नाय. बाकीचे आपापल्या कपात बघत राहिले. त्यांना पण कधीतरी अर्धाच मिळाला होता.

आता किटली माझ्याकडे असते.

आई गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तू हात खिशातच ठेवलेस. मी बघितलं.

हे पत्र पोस्टाच्या पेटीत टाकणार नाय. असलं पत्र मला आलं असतं, तर मी फाडलं असतं. रविवारी वाशिंदला तुझ्या घरी तुला न्यायला मीच येतो. बोलायचं नसेल तर बोलू नको.

कप मी अर्धाच भरीन.

तुझा,
महेंद्र