बॉनेटला फासलेलं काळं

सोलापूर, मंगळवार, एप्रिल १९७४

रंग खरवडणार नाही. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे सकाळी मन डळमळायला नको.

काल होटगीकडच्या कच्च्या रस्त्यानं दवाखान्यातून परतताना ऊन जीपच्या बॉनेटवरून थेट डोळ्यांत घुसलं. मामंजी ते बॉनेट रोज पॉलिश करून आरशासारखं ठेवतात. समोरचं काही दिसेना. कचकन ब्रेक दाबला, तर पुढ्यात मेंढरं आणि त्यांच्यामागची म्हातारी. वीतभर अंतर. "डाक्टरीणबाई, दिसत न्हाय व्हय?" खरंच दिसलं नव्हतं.

आज सकाळी शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग आणून अख्ख्या बॉनेटला मीच फासला. चकाकी पार गेली. परतीला तेच ऊन, तोच रस्ता, पण दगड न् दगड दिसत होता.

घरी आले तर मामंजी दारात उभे. "गाडीच्या तोंडाला काळं फासलंस की गं! लोक काय म्हणतील?" ह्यांनी हळूच सांगितलं, "आबांचं मन मोडू नकोस, काढून टाक ना."

का काढू? माझ्या चाकाखाली कुणी आलं असतं, तर हेच लोक म्हणाले असते, बाईच्या हातात गाडी दिलीच कशाला?

"मामंजी, गाडी लोकांना कशी दिसते ते राहू द्या. मला रस्ता दिसायला हवा," मी म्हटलं.

ते म्हणाले, "आजपासून त्या बॉनेटला मी हात लावणार न्हाय."

"नका लावू. तेच तर हवंय."